पोलिसांचा पैसा दुसऱ्या सेवांकडे वळवायचा म्हणजे नक्की काय? मिनिआपोलिस, डेन्व्हर, युजीन आणि बाकीची शहरं

आर्द्रा

मंडळी, ऑगस्ट आला की आमचे मेयर पुढच्या वर्षाचं बजेट मांडतात, नोव्हेंबरात प्रॉपर्टी टॅक्स किती वाढणार त्याची नोटीस पोस्टाने घरी येते आणि डिसेंबरच्या सुरुवातीला कौन्सिल सगळं पास करून मोकळं होतं. या चार महिन्यांत इथल्या मराठी लोकांच्या गेट-टुगेदरमध्ये एकदा तरी "तुमच्या मिनिआपोलिसने पोलीस काढून टाकले ना, मग भोगा आता" हे ऐकायला मिळतंच, आणि म्हणणारे बहुतेक सबर्बमध्ये राहणारे असतात. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं.

पोलीस कोणी काढून टाकले नाहीत. २५ मे २०२० ला पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडला ठार मारलं, ७ जूनला कौन्सिलच्या १३ पैकी ९ जणांनी पावडरहॉर्न पार्कमध्ये स्टेजवर उभं राहून जाहीर केलं की हे खातं आम्ही मोडीत काढणार, आणि ती बातमी जगभर गेली. पण त्याच डिसेंबरात बजेट पास झालं तेव्हा पोलिसांकडून वळवलेली रक्कम होती साधारण ८० लाख डॉलर, आणि पोलीस खात्याचं बजेट होतं १७-१८ कोटींच्या घरात. पुढे मार्च २०२१ मध्ये फ्लॉइड कुटुंबाला सिटीने भरपाई दिली २ कोटी ७० लाख डॉलर. म्हणजे एवढा गदारोळ करून जे वळवलं त्याच्या तिपटीहून जास्त एका केसमध्ये गेले, आणि ते गेलेच पाहिजे होते, पण हा आकडा गेट-टुगेदरमध्ये कोणी काढत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस खातं बदलून सार्वजनिक सुरक्षा खातं करायचं का यावर मतदान झालं, त्यालाही साधारण ५६ टक्के लोकांनी नको म्हटलं.

या सगळ्या आरडाओरड्यात डिसेंबर २०२१ ला एक काम मात्र सुरू झालं ते फारसं कोणाला माहीत नाही. बिहेवियरल क्रायसिस रिस्पॉन्स, बीसीआर. ९११ ला फोन केला आणि प्रकरण मानसिक त्रासाचं आहे, हत्यार नाहीये, असं फोनवरच्या माणसाला कळलं तर पोलिसांच्या गाडीऐवजी व्हॅन येते, त्यात मानसिक आरोग्यातले दोन प्रशिक्षित लोक असतात, बंदूक नाही, बेड्या नाहीत. त्याच वर्षी मिनेसोटात ट्रॅव्हिसचा कायदा झाला, त्यानुसार अशी टीम जिथे आहे तिथे ९११ ने मानसिक त्रासाचा फोन तिच्याकडे वळवायला हवा. ट्रॅव्हिस जॉर्डन हा तरुण २०१८ मध्ये आमच्याच शहरात पोलिसांच्या गोळीने गेला, फोन त्याने आत्महत्या करू नये म्हणून केलेला होता.

मला जे म्हणायचंय ते एवढंच: पोलिसांचे किती कापले यावर आपण भांडत बसतो, आणि खरे प्रश्न दोन आहेत. फोन केल्यावर दारात कोण येतं, आणि जो येतो त्याचा पगार पुढच्या वर्षी कुठून होणार आहे. दुसऱ्या प्रश्नावर जवळपास कोणीच बोलत नाही आणि बऱ्याच चांगल्या योजना तिथेच अडकतात. तुमच्या शहरांत काय चाललंय ते लिहा ना.

डोंगरवाट

डेन्व्हरहून. छान धागा. आमच्याकडे स्टार नावाची अशीच व्हॅनची योजना १ जून २०२० ला सुरू झाली, लोकांना वाटतं फ्लॉइडच्या आंदोलनातून आली, पण तयारी आधीपासून चालू होती, तारीख योगायोगाने ती आली. सुरुवातीला एकच व्हॅन, डाउनटाउनच्या भागात, वीकडेजना दिवसा. एक मेंटल हेल्थ क्लिनिशियन आणि एक पॅरामेडिक. पहिल्या सहा महिन्यांत ७४८ कॉल घेतले आणि एकाही कॉलमध्ये अटक झाली नाही. व्हॅनमध्ये पाणी, खाणं, ब्लँकेट, मोजे असतात. मोजे का तर रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचे पाय थंडीत आधी जातात, आणि कोरडे मोजे हातात दिले की माणूस बसतो आणि बोलायला लागतो.

स्टॅनफर्डच्या दोघांनी २०२२ मध्ये यावर पेपर लिहिला, ज्या भागात स्टार जात होती तिथे किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि हिंसक गुन्हे वाढले असं काही दिसलं नाही. अर्थात त्यातला काही भाग म्हणजे पोलीस गेले नाहीत म्हणून नोंदच झाली नाही असाही आहे, पण मग मला विचारायचंय की फुटपाथवर झोपलेल्या माणसावर ट्रेसपासिंगची नोंद करून आपल्याला काय मिळत होतं?

आर्द्राताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं आमच्याकडचं उत्तर जरा बरं आहे. २०१८ मध्ये डेन्व्हरच्या मतदारांनी स्वतःहून सेल्स टॅक्स वाढवून घेतला, १०० डॉलरच्या खरेदीवर २५ सेंट, मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीसाठी, वर्षाला ४ कोटींहून जास्त. स्टारचा पहिला पैसा त्यातून आला. पोलिसांच्या बजेटला हातच लावला नव्हता, त्यामुळे पोलीस खातंही विरोधात उभं राहिलं नाही, उलट मदत केली.

केदार_नॉर्थसाइड

आर्द्राताई, तुम्ही साउथ मिनिआपोलिसच्या बाजूने लिहिताय असं वाटलं म्हणून दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका. मी नॉर्थला राहतो. २०२०-२१ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे रात्री गोळ्यांचे आवाज यायचे आणि शेजारी आफ्रिकन-अमेरिकन आजी आहेत त्या नातवंडांना खिडकीपासून लांब झोपवायच्या. मोडीत काढणार अशी घोषणा झाल्यावर पोलीस भराभर नोकरी सोडून गेले, साधारण ९०० होते ते ६०० च्या खाली आले. बजेट कापून नाही गेले हे मान्य, पण घोषणेचाही परिणाम होतोच ना.

नॉर्थच्या आठ रहिवाशांनी सिटीवर केस केली की चार्टरमध्ये (शहराची घटनाच म्हणा) लोकसंख्येच्या हिशोबाने पोलिसांची किमान संख्या लिहिलेली आहे तेवढे तरी ठेवा. जून २०२२ मध्ये मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, मेयरने ७३१ पोलीस ठेवावेत नाहीतर का ठेवत नाही ते कोर्टात सांगावं. केस करणारे लोक कोणी सबर्बमधले पोलीसप्रेमी नव्हते, याच वस्तीतले होते.

आणि अभ्यासाचंच म्हणाल तर अर्थशास्त्रज्ञांचंही काम आहे, १० ते १७ पोलीस जास्त असले तर वर्षाला एक खून कमी होतो असा हिशोब निघतो, आणि माणशी बघितलं तर त्याचा फायदा काळ्या लोकांना जास्त. व्हॅन येऊन समजूत घालेल हो, पण गोळीबार झाल्यावर पकडणार कोण?

आर्द्रा

केदार, राग कसला, हे लिहायलाच हवं होतं. तुम्ही म्हणताय तो अभ्यास मी वाचलाय, त्याच पेपरमध्ये पुढे हेही आहे की पोलीस वाढले की फालतू कारणांसाठीच्या अटकाही वाढतात आणि त्याही काळ्या लोकांच्याच जास्त. दोन्ही एकदम खरं आहे. २०२० मध्ये देशभर खून जवळपास ३० टक्क्यांनी वाढले, ज्या शहरांनी बजेट कापलं तिथेही आणि ज्यांनी वाढवलं तिथेही, त्यामुळे ते सगळं ८० लाखांच्या माथी मारता येत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मात्र माझं म्हणणं असं की व्हॅन हवी ती पकडणाऱ्यांना वेळ मिळावा म्हणूनच. अमेरिकेत २०२२ च्या सुमारास खुनाच्या साधारण निम्म्या केसेस सुटल्याच नाहीत. आणि त्याच वेळी दोन-दोन पोलीस एका भ्रमात असलेल्या माणसाजवळ तासन् तास उभे असतात. हा पोलिसांचाही अपमान आहे आणि त्या माणसाचाही.

ज्योत्स्ना_आरएन

मी इमर्जन्सीमध्ये नर्स आहे, कुठे ते लिहीत नाही. आर्द्रा म्हणतेय ते रोज बघते. पोलीस माणसाला घेऊन येतात, बेड्या घातलेल्या, तो घाबरलेला, ओरडतोय, आणि बेड आणि सायकियाट्रीची डॉक्टर मिळेपर्यंत दोन पोलीस खुर्च्या टाकून बसतात. कधी कधी आख्खी शिफ्ट. त्या वेळात त्यांच्या भागात कोणाचं घर फुटलं तर जाणार कोण. क्रायसिस टीमने आणलेला माणूस बऱ्याचदा चालत येतो, त्याला कोणीतरी वाटेत विचारलेलं असतं औषध शेवटचं कधी घेतलं, कुठल्या फार्मसीतून घेतो, घरी कोण आहे, आणि ते एका कागदावर लिहून माझ्या हातात येतं. त्या एका कागदाने माझा तास-दीड तास वाचतो.

पण मला आपल्या लोकांबद्दल लिहायचंय. ओळखीतलं एक मराठी कुटुंब, मुलगा विशीतला, स्किझोफ्रेनिया. औषध बंद केलं की त्याला वाटतं घरात माइक लावलेत, मग तो स्वयंपाकघरातली भांडी, मिक्सर, सगळं बाहेर नेऊन ठेवतो आणि आईने अडवलं की अंगावर जातो. आईवडील ९११ ला फोन करत नाहीत. एक तर शेजारी काय म्हणतील, आणि त्याहून मोठं म्हणजे ब्राउन मुलगा, हातात काहीतरी, दारात बंदूकवाला पोलीस, पुढचं सांगायला नको. ते तीन-तीन दिवस न झोपता काढतात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला २०२० च्या मार्चमध्ये डॅनियल प्रूडच्या भावाने मदतीसाठीच फोन केला होता, तो भ्रमात उघडा धावत होता बर्फात, पोलिसांनी डोक्यावर जाळीची पिशवी घातली आणि जमिनीवर दाबून धरलं, आठवड्याने गेला तो. हे त्या आईवडिलांना माहीत आहे, म्हणून ते फोन करत नाहीत. त्यांच्या शहरात बीसीआरसारखं काही नाही. मी त्यांना ९८८ हा मानसिक संकटातल्या लोकांसाठीचा हेल्पलाइन नंबर दिलाय, जुलै २०२२ पासून तो नंबर देशभर चालतो, बोलायला चांगले लोक असतात, पण घरी येणारी टीम प्रत्येक काउंटीत नाही. तेव्हा हा विषय आपला नाही असं कोणी म्हणू नका.

वाटसरू७१

ज्योत्स्नाताई, वाचून पोटात कालवलं. अजून एक आठवण करून देतो, २०१५ फेब्रुवारी, अलाबामातलं मॅडिसन. सुरेशभाई पटेल, गुजरातहून मुलाकडे आलेले, नातवाला सांभाळायला. सकाळी घरासमोर चालत होते, शेजाऱ्याने फोन केला की कोणीतरी अनोळखी माणूस फिरतोय. इंग्रजी येत नव्हतं, पोलिसाने जमिनीवर आपटलं, शरीराचा काही भाग लुळा पडला. पोलीस शेवटी निर्दोष सुटला. माझे वडील इथे येतात तेव्हा रोज मॉर्निंग वॉकला जातात, मी त्यांच्या खिशात पत्ता आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवतो.

इथे पोलीस जाणं गरजेचंच नव्हतं. "कोणीतरी फिरतोय" या फोनला काय उत्तर द्यायचं हे ९११ च्या टेबलावर ठरतं, म्हणून तिथल्या लोकांचं ट्रेनिंग आणि पगार यावर पैसे घाला असं मी प्रत्येक मीटिंगला सांगतो.

गोदाकाठ

नाशिकहून वाचतोय, एक शंका. आपल्याकडे महापालिकेच्या बजेटमध्ये पोलीस दिसतच नाहीत. तिकडे नगरसेवक पोलिसांचे पैसे कसे काय कापू शकतात?

आर्द्रा

गोदाकाठ, हा फरक महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय, गृहखातं चालवतं, त्यामुळे नाशिक काय किंवा मुंबई काय, पालिका रस्ते, पाणी, कचरा, दवाखाने बघणार आणि पोलिसांचा खर्च राज्य करणार. इथे पोलीस सिटीचे नोकर. बऱ्याच शहरांत जनरल फंडातला, म्हणजे सिटीच्या रोजच्या खर्चाच्या मुख्य फंडातला, सगळ्यात मोठा वाटा त्यांचाच असतो, आणि त्याच फंडातून लायब्ररी, पार्क, घरबांधणीही भागवायची असते, म्हणून भांडण लागतं. पण मानसिक आरोग्य इथे सहसा काउंटीकडे असतं आणि शाळा वेगळ्या डिस्ट्रिक्टकडे. त्यामुळे "पोलिसांचे पैसे शाळेला द्या" ही घोषणा बऱ्याच ठिकाणी कागदावर शक्यच नसते, डबे वेगळे आहेत.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०० आहे, रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण दिसला तर त्याला संरक्षण देणं हे पोलिसांचंच काम. म्हणजे तिथेही पहिला येणारा माणूस खाकीतलाच. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे, पण तो फोनवरचा आधार, घरी येणारं कोणी नाही.

सुमेधा_एटीएक्स

ऑस्टिनची गोष्ट सांगते कारण ती फार शिकवून जाणारी आहे. ऑगस्ट २०२० मध्ये आमच्या कौन्सिलने पोलिसांच्या बजेटमधून १५ कोटी डॉलर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश, काढायचं ठरवलं. ऐकायला केवढं. प्रत्यक्षात लगेच कापले ते २ कोटींच्या आसपास, त्यातले बरेचसे नवीन कॅडेटांच्या भरतीचे वर्ग पुढे ढकलून. बाकी काय होतं तर फोरेन्सिक लॅब, ९११ चं कॉल सेंटर असे विभाग पोलिसांच्या हाताखालून काढून वेगळे करायचे. खर्च तोच, खातं वेगळं.

पुढे २०२१ मध्ये टेक्सास राज्याने कायदाच केला की अडीच लाखाहून मोठ्या शहराने पोलिसांचं बजेट कमी केलं तर त्याला टॅक्स वाढवू देणार नाही आणि अजून बरंच. झालं, त्याच वर्षी पोलिसांचं बजेट ४४ कोटी २० लाख, आधीपेक्षाही जास्त. पण एक गोष्ट राहिली आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते: आमच्याकडे ९११ ला फोन केला की विचारतात, पोलीस हवेत, फायर, अँब्युलन्स की मेंटल हेल्थ? चार पर्याय. हा चौथा शब्द ऐकला तर फोन करणाऱ्या आईला कळतं की असंही मागता येतं.

पर्जन्य

सिएटलमध्येही डबे बदलण्याचाच खेळ जास्त झाला. कौन्सिलमधल्या बहुसंख्य लोकांनी ५० टक्के कापू म्हणून शब्द दिला, पोलीस चीफ कारमेन बेस्ट यांनी ऑगस्ट २०२० मध्ये राजीनामा दिला. पार्किंगच्या पावत्या फाडणारे लोक २०२१ मध्ये पोलिसांकडून वाहतूक खात्याकडे दिले, आकडा कमी झालेला दिसला, आणि २०२३ ला ते परत पोलिसांकडे. त्यात कोणाला मदत मिळाली मला समजत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून केअर नावाची क्रायसिस टीम आहे, पण सुरुवात केली ती पोलिसांसोबतच जायचं अशा अटीवर, कारण पोलीस युनियनशी करार. तुमच्या शहरात असं काही येणार असेल तर बजेटच्या आधी युनियनचा करार मागवून वाचा, अर्ध्या गोष्टी तिथे ठरलेल्या असतात.

घननीळ

सगळे क्रायसिस टीमवरच बोलतायत म्हणून थोडं दुसरीकडे नेतो. केदार, तुमचा मुद्दा गोळीबाराचा आहे आणि तो व्हॅनने सुटत नाही हे बरोबर. पण त्यावरही पोलिसांव्यतिरिक्त काम झालंय आणि चांगलं मोजलंय. फिलाडेल्फियात ५४१ पडीक प्लॉट घेतले, चिठ्ठ्या टाकाव्या तसे काही निवडले, त्यातला कचरा, टायर, गाद्या उचलल्या, माती पसरून गवत लावलं, थोडी झाडं, आणि कमरेइतकं लाकडी कुंपण. बस. गरीब वस्त्यांत त्या प्लॉटच्या आसपास गोळीबार २९ टक्क्यांनी कमी झाला. २०१८ मध्ये छापून आलंय. का, तर उंच गवतात आणि भंगारात बंदूक लपवता येते, स्वच्छ जागेत येत नाही, आणि लोक बाहेर बसायला लागतात. न्यूयॉर्कमध्ये सरकारी वसाहतींत मोठे दिवे लावले, रात्री बाहेर होणारे गंभीर गुन्हे ३६ टक्के कमी. शिकागोत पोरांना उन्हाळ्यात आठ आठवडे नोकरी दिली, पुढच्या १६ महिन्यांत हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्के कमी. हे सगळं बजेटमध्ये पार्क, वीज, युवक कार्यक्रम अशा नावांनी असतं आणि तंगी आली की पहिली कात्री तिथेच लागते.

केदार_नॉर्थसाइड

घननीळ, प्लॉटचं पटलं. आमच्या ब्लॉकवर दोन घरं पाडलेली मोकळी जागा आहे, तिथे काय चालतं ते मी रोज बघतो. पण पोलीस आणि हे, दोन्ही. एक कापून दुसरं नको.

आर्द्रा

मीही कापा म्हणत नाहीये, कोणाच्या नावावर कुठलं काम आहे ते बदला म्हणतेय, आणि त्यातून जे वाचेल ते त्या कामाबरोबर जाऊ द्या.

आता युजीनबद्दल लिहिते कारण देशभर सगळ्यांनी त्यांचं उदाहरण दिलं आणि आज तिथे काय झालंय ते कोणी सांगत नाही. ओरेगनमधलं छोटं शहर. व्हाइट बर्ड क्लिनिकने १९८९ मध्ये कहूट्स सुरू केलं, एक मेडिक, एक क्रायसिस वर्कर, एक व्हॅन. ३५ वर्षं चाललं. २०१९ मध्ये जवळपास २४ हजार कॉल, त्यातल्या दोन टक्क्यांहून कमी वेळा पोलिसांची कुमक मागवावी लागली. खर्च वर्षाला २० लाखांच्या आसपास, युजीन आणि शेजारच्या स्प्रिंगफील्डच्या पोलिसांचं मिळून बजेट होतं ९ कोटी. डेन्व्हर, ओकलंड, सगळे तिथे बघायला गेले. आणि एप्रिल २०२५ मध्ये युजीनमधली सेवा बंद पडली. लोकांना नको होती म्हणून नाही, संस्थेकडे पैसा उरला नाही म्हणून. पगार कमी, माणसं टिकत नाहीत, आणि सगळं एका ना-नफा संस्थेच्या करारावर उभं. पोलीस खातं कधी कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही म्हणून बंद पडल्याचं ऐकलंय?

म्हणून मी पगार कुठून होणार हे पुन्हा पुन्हा विचारते. २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅनमधून (केंद्र सरकारची कोविडकाळातली मदत) राज्यांना, काउंट्यांना आणि शहरांना ३५० अब्ज डॉलर आले, त्यातून देशभर अशा टीम उभ्या राहिल्या. पण ते एकदाच मिळणारे पैसे, २०२४ अखेरपर्यंत ठरवून टाकायचे आणि २०२६ अखेरपर्यंत खर्चायचे. त्यानंतर? आल्बुकर्कीने निराळं केलं, २०२१ मध्ये पोलीस आणि फायरच्या बरोबरीचं स्वतंत्र खातंच काढलं, कम्युनिटी सेफ्टी नावाचं, सिटीचे पगारी कर्मचारी. असं खातं बंद करायचं तर कौन्सिलला उघड मत द्यावं लागतं, नुसतं कॉन्ट्रॅक्ट संपू देऊन भागत नाही.

तुमच्या शहराचं बजेट उघडलं तर हे शोधा: क्रायसिस टीमसमोर जनरल फंड लिहिलंय की ग्रँट, किती माणसं, रात्री आहे की फक्त ऑफिसच्या वेळात, आणि ९११ चं टेबल त्यांना थेट पाठवू शकतं की पोलिसांना विचारून. पीडीएफ मोठी असते, पण "क्रायसिस" शब्द सर्च केला की पाचेक पानांत सापडतं.

ज्योत्स्ना_आरएन

रात्रीचा मुद्दा ठळक करा प्लीज. माझ्याकडे सगळ्यात वाईट अवस्थेतले लोक पहाटे दोन ते पाचमध्ये येतात.

केदार_नॉर्थसाइड

आर्द्राताई, बजेटच्या डिसेंबरच्या हिअरिंगला मी येतो. मी डिटेक्टिव्ह वाढवा म्हणून बोलणार आहे हे आधीच सांगतो, पण बीसीआर जनरल फंडात कायम ठेवा हेही त्याच दोन मिनिटांत बोलेन. आणि आमच्या ब्लॉकवरच्या प्लॉटचे फोटो आणतो.

वाटसरू७१

ज्यांना जाऊन बोलायला जमत नाही त्यांनी काय करायचं? माझी रात्रपाळी असते.

आर्द्रा

लेखी कमेंट पाठवता येते, ती रेकॉर्डवर जाते. आपल्या वॉर्डच्या कौन्सिल मेंबरच्या ऑफिसलाही वेगळी ईमेल करा, मेयरचं बजेट आल्यावर लगेच, सप्टेंबरातच. डिसेंबरपर्यंत बरंचसं ठरून गेलेलं असतं. कोणाला मसुदा हवा असेल तर व्यनि करा, मी इंग्रजीत लिहून देते.